मादाम क्यूरी आणि सावल्यांची शाळा

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटाच्या माथ्यावर नाहीतर गादीखाली एक मोठे पाकीट जपून ठेवलेले असते. त्यात आजोबांच्या छातीचा एक्स-रे असतो, धाकट्याचा मोडलेला हात असतो, आईचे दुखरे गुडघे असतात. दवाखान्यातून आणल्यावर ती काळी फिल्म आपण खिडकीच्या उजेडात धरून पाहतो. फासळ्या मोजता येतात, मधली पांढुरकी आकृती म्हणजे हृदय असावे एवढे कळते आणि तिथे आपले ज्ञान संपते. तीच फिल्म डॉक्टर उजेडाच्या पेटीवर लावतात आणि अर्ध्या मिनिटात सांगतात, की उजव्या बाजूला खाली पाणी झाले आहे. त्यांनी जे पाहिले तेच आपणही पाहिलेले असते. आपल्याला मात्र ते दिसलेले नसते.

हे दिसणे यंत्राबरोबर येत नाही. यंत्र फक्त सावली पाडते. त्या सावलीतून रोग ओळखणे ही शिकावी लागणारी विद्या आहे. आज आपल्याकडे ती शिकण्यासाठी एमबीबीएस झाल्यावर आणखी तीन वर्षे घालवावी लागतात. पण एक काळ असा होता, की क्ष-किरणांची यंत्रे होती आणि त्यांच्या सावल्या वाचणारी माणसे मात्र मोजकीच होती. नेमक्या त्याच काळात, पहिल्या महायुद्धात, लाखो जखमी तरुणांचे हातपाय आणि प्राण त्या वाचनावर अवलंबून होते. तेव्हा ४६ वर्षांच्या एका विधवेने आधी स्वतः ही विद्या आत्मसात केली आणि मग ती शेकडो हातांत पोचवली. रेडियममुळे साऱ्या जगाला ठाऊक असलेल्या या बाई म्हणजे मादाम मारी क्यूरी. रेडियमची कथा आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. ही दुसरी कथा तितकीशी सांगितली जात नाही.

काचेचे कपाट आणि आईचा खोकला

मारिया स्क्लोदोव्स्का हिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, वॉर्सा शहरातला. घरात तिला मान्या म्हणत. पाच भावंडांत ती शेंडेफळ. पोलंड तेव्हा नकाशावर स्वतंत्र देश म्हणून उरलाच नव्हता. वॉर्सावर रशियन झारची सत्ता होती. वडील गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक. पोलिश शाळांमधून प्रयोगशाळा बंद करण्याचे धोरण सरकारने अवलंबले, तेव्हा वडिलांनी उपकरणे घरी आणून काचेच्या कपाटात ठेवली. मान्याने विज्ञानाची पहिली ओळख करून घेतली ती त्या कपाटाच्या काचेला नाक लावून.

त्याच घरात एक दुसरी गोष्टही होती, जिच्याविषयी मोठ्याने कोणी बोलत नसे. आईला क्षय झाला होता. एके काळी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका असलेली ही माउली आपल्या लेकरांना जवळ घेऊन मुका घेत नसे, तिची भांडी वेगळी असत. मुलांना याचे कारण कळत नव्हते. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधून काढले १८८२ साली. छातीच्या आत डोकावण्याचे साधन मिळाले त्यानंतर १३ वर्षांनी. तोवर डॉक्टरांकडे होते ते फक्त कान आणि बोटे: स्टेथोस्कोप लावून ऐकायचे, छातीवर बोटांनी वाजवून पाहायचे आणि अंदाज बांधायचा. १८७८ साली आई गेली, तेव्हा मान्या दहा वर्षांची होती. त्याआधी थोरली बहीणही टायफसच्या तापाने गेली होती.

शाळेत मान्याने सुवर्णपदक मिळवले, पण रशियन सत्तेखालच्या वॉर्सा विद्यापीठाची दारे मुलींना बंद होती. मग तिने आणि बहीण ब्रोन्या हिने आपसांत एक करार केला. ब्रोन्याने आधी पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचे, मान्याने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे; नंतर ब्रोन्याने मान्याला बोलावून घ्यायचे. त्याप्रमाणे मान्या खेड्यातल्या एका जमीनदार कुटुंबात मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. तिथे तिने फावल्या वेळात शेतमजुरांची मुले जमवली आणि त्यांना पोलिश अक्षरे शिकवायला सुरुवात केली. हा सरकारच्या लेखी गुन्हा होता. ज्या मुलांच्या घरात कधी पुस्तक आले नव्हते, ती मुले काही महिन्यांत नाव लिहू लागली. निरक्षर माणूस मंद नसतो, त्याला कोणी शिकवलेले नसते एवढेच, हा अनुभव तिने विशीच्या आतबाहेर गाठीला बांधला. पुढे रणांगणावर तो फार उपयोगी पडणार होता.

१८९१ साली ती पॅरिसला पोचली. १८९३ मध्ये पदार्थविज्ञानाच्या पदवीपरीक्षेत पहिली आली, १८९४ मध्ये गणितात दुसरी. २६ जुलै १८९५ रोजी शास्त्रज्ञ पिएर क्यूरी यांच्याशी तिचा विवाह झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, आणि वर्ष संपण्यापूर्वी त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताची हाडे अंगठीसकट काचपट्टीवर उमटवली. क्यूरी दांपत्य मात्र वेगळ्या किरणांच्या मागे गेले. १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम ही दोन नवी मूलद्रव्ये त्यांनी जाहीर केली. १९०३ चे नोबेल पारितोषिक दोघांना, आन्री बेकरेल यांच्यासह मिळाले. १९०६ च्या एप्रिलमध्ये पिएर रस्ता ओलांडताना मालवाहू घोडागाडीखाली सापडून गेले. दोन लहान मुली, इरेन आणि एव, आईच्या पदरात राहिल्या. १९११ साली मारींना दुसरे नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या खाजगी आयुष्यावरून त्यांच्यावर चिखलफेकही केली. परदेशी बाई म्हणून त्यांना हिणवले गेले.

गाडीत बसवलेला अंधार

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा पॅरिसची रेडियम संस्था नुकतीच बांधून झाली होती. संस्थेतले तरुण सैन्यात निघून गेले. जर्मन फौजा पॅरिसकडे येऊ लागल्या. प्रयोगशाळेतले जेमतेम एक ग्रॅम रेडियम शिशाच्या जड पेटीत घालून मादाम स्वतः गर्दीच्या आगगाडीने बोर्दो शहरी घेऊन गेल्या, तिथे सुरक्षित ठेवले आणि लगेच परत फिरल्या. लोक पॅरिस सोडून पळत होते आणि या बाई पॅरिसकडे चालल्या होत्या.

त्यांच्यापुढे प्रश्न होता, की आता आपण काय करायचे. त्यांनी चौकशी केली, तेव्हा कळले की शहरांतल्या मोठ्या इस्पितळांत क्ष-किरण यंत्रे आहेत, पण आघाडीजवळच्या सैनिकी इस्पितळांत ती जवळपास नाहीतच. तोफगोळ्याचा तुकडा मांडीत नेमका कुठे रुतला आहे हे न कळल्यामुळे सर्जनला अंदाजाने कापत जावे लागे. जखमी सैनिकाला दूरच्या शहरात नेईपर्यंत जखम चिघळत असे.

मादामनी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून आणि कारखान्यांतून पडून असलेली यंत्रे गोळा केली. स्त्रियांच्या मदतसंस्थेकडून पैसा मिळवला, श्रीमंतांच्या मोटारी मागून घेतल्या. मोटारीत क्ष-किरण नळी, घडीचे टेबल, काचपट्ट्या, काळे पडदे आणि एक डायनामो बसवला. खेड्यापाड्यांतल्या इस्पितळांत वीज नव्हती. ती उणीव मोटारीच्याच इंजिनाने डायनामो फिरवून भरून काढली. १ नोव्हेंबर १९१४ रोजी अशी पहिली गाडी क्रे या गावच्या इस्पितळाकडे निघाली. गाडीत मादाम होत्या, एक डॉक्टर होते, मदतनीस होते आणि सतरा वर्षांची इरेन होती. पुढे अशा वीसएक गाड्या तयार झाल्या. सैनिकांनी त्यांना लाडाने छोट्या क्यूरी असे नाव दिले. याशिवाय सुमारे २०० ठिकाणी कायमच्या क्ष-किरण खोल्या उभ्या राहिल्या. या सगळ्या ठिकाणी मिळून दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली.

गाडी पोचली की अर्ध्या तासात एखाद्या खोलीच्या खिडक्या काळ्या कापडाने बंद होत, तार आत येई आणि यंत्र घुमू लागे. मग एकामागून एक स्ट्रेचर आत येत. काही जवानांना वाटे, की हे यंत्र चटका देणार. त्यांना समजावावे लागे, की हे फोटो काढण्यासारखेच आहे, दुखणार नाही.

सावली वाचायची कशी

एवढे सगळे जमले, तरी खरी अडचण पुढेच होती. मादाम क्यूरी पदार्थविज्ञानाच्या पंडिता होत्या, पण डॉक्टर नव्हत्या. किरण कसा जातो हे त्यांना पुरते माहीत होते. तो ज्यातून जातो त्या देहाची रचना माहीत नव्हती. दोन नोबेल मिळवलेल्या या बाईंनी शरीररचनेची पुस्तके उघडली आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारखी हाडांची नावे पाठ केली. यंत्र कसे जोडायचे, बिघडले तर कसे दुरुस्त करायचे, हेही शिकून घेतले. १९१६ मध्ये त्यांनी मोटार चालवण्याचा परवानाही काढला.

सावली वाचणे अवघड का असते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. आपले शरीर जाड आहे आणि काचपट्टी सपाट. छातीतल्या पुढच्या फासळ्या, मागच्या फासळ्या, हृदय आणि फुफ्फुस या सगळ्यांची चित्रे एकावर एक पडतात, जशी चार माणसे एकामागे एक उभी राहिल्यावर भिंतीवर एकच सावली पडावी. धातूचा तुकडा चित्रात छातीच्या मध्यभागी दिसला, तरी तो पुढे कातडीखाली आहे की मागे पाठीच्या कण्याजवळ, हे त्या एका चित्रातून कळत नाही. सर्जनला तर नेमके तेच हवे असते.

यावर उपाय भूमितीचा होता. रात्री कंदील थोडा बाजूला सरकवला, की भिंतीवरच्या सावल्याही सरकतात. भिंतीला चिकटलेल्या वस्तूची सावली जराशी हलते, भिंतीपासून दूर असलेल्या वस्तूची जास्त. क्ष-किरण नळी ठरावीक अंतराने सरकवायची आणि तुकड्याची सावली किती सरकली ते मोजायचे. शाळेतल्या समरूप त्रिकोणांच्या हिशेबाने तुकडा किती खोल आहे ते निघते. मग कातडीवर खूण करायची आणि सर्जनला सांगायचे, की या खुणेखाली एवढ्या सेंटिमीटरवर पाहा. इरेनलाही आघाडीवर एका डॉक्टरला ही साधी भूमिती समजावताना पुष्कळ चिकाटी दाखवावी लागली. तुकडा ज्या वाटेने आत शिरला त्याच वाटेने शोधण्याचा त्यांचा हट्ट होता. अठरा वर्षांच्या मुलीचे ऐकायला पिकल्या केसांचा माणूस सहजी तयार होत नाही. पण तिने सांगितलेल्या बाजूने गेल्यावर तुकडा सापडला, की वाद संपत असे.

धातूचा तुकडा ओळखणे तसे सोपे, कारण त्याची सावली गडद असते. रोग ओळखणे याहून कठीण. त्या युद्धात चिखलाने माखलेल्या जखमांत गॅस गँग्रीन होई आणि जवान दोन-तीन दिवसांत दगावे. त्यात स्नायूंच्या आत वायूचे बुडबुडे तयार होतात, आणि क्ष-किरणांना वायू अडवत नाही, म्हणून स्नायूच्या एकसारख्या सावलीत फिकट ठिपके आणि रेघा उमटतात. जुन्या जखमेत हाड कुजत असेल, तर मेलेल्या हाडाचा तुकडा भोवतालच्या हाडापेक्षा वेगळा उठून दिसतो. छातीत पाणी किंवा रक्त साचले असेल, तर फुफ्फुसाची खालची बाजू झाकोळून जाते. क्षयाचे डाग फुफ्फुसाच्या वरच्या भागात, गळ्याच्या हाडाच्या आसपास लपतात. या खुणा ज्याला माहीत आहेत त्यालाच त्या दिसतात.

उलट, जे नाही तेही नवशिक्या डोळ्याला दिसते. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाडाच्या टोकाशी वाढीची रेघ असते. ती मोडलेल्या हाडासारखी भासते. रक्तवाहिनी हाडात शिरते तिथली बारीक फट चीर वाटते. सदऱ्याचे बटण, पट्टीवर उमटलेला बोटाचा ठसा, हेही फसवतात. त्यावर इलाज म्हणजे दुखऱ्या पायाशेजारी चांगला पाय ठेवून दोन्ही ताडून पाहायचे, दुसऱ्या बाजूने पुन्हा चित्र घ्यायचे, आणि रोगी काय सांगतो ते ऐकायचे. आधी निरोगी देह डोळ्यांत पक्का बसवायचा, मगच रोग शोधायचा.

दीडशे विद्यार्थिनी

गाड्या वाढल्या, खोल्या वाढल्या, पण त्या चालवायच्या कोणी? पुरुष खंदकांत होते. मादामनी ठरवले, की बायकांना शिकवायचे. १९१६ पासून पॅरिसमध्ये वर्ग सुरू झाले. विजेची तोंडओळख, क्ष-किरणांचे तत्त्व, शरीररचना, काचपट्ट्या धुणे आणि प्रत्यक्ष काम असा आखीव अभ्यासक्रम होता. इरेन आईबरोबर शिकवत होती आणि त्याच काळात स्वतःच्या विद्यापीठाच्या परीक्षाही देत होती.

वर्गात परिचारिका होत्या, तशा फारसे शिक्षण न झालेल्या मुलीही होत्या. घरकाम करून पोट भरणाऱ्यांनाही मादामनी दार उघडले. समरूप त्रिकोण कधी न ऐकलेल्या बाईला तो हिशेब कसा समजवायचा, हे त्यांना ठाऊक होते. शेतमजुरांच्या मुलांना अक्षरे शिकवणाऱ्या मान्याने ते फार पूर्वी करून पाहिले होते. युद्ध संपेपर्यंत सुमारे दीडशे स्त्रिया तयार झाल्या आणि ठिकठिकाणच्या खोल्यांवर रुजू झाल्या. रोगनिदानाचा अंतिम शब्द अर्थातच डॉक्टरांचा. पण चांगली सावली पाडणे, ती नीट मोजणे आणि शंकेची जागा दाखवणे ही कामे या बायकांनी केली. त्यांतल्या बहुतेकींची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. युद्धानंतर, १९१९ मध्ये, मायदेशी परतण्याची वाट पाहणाऱ्या अमेरिकी सैनिकांनाही मादामनी हीच विद्या शिकवली. पुढे १९२१ साली क्ष-किरण आणि युद्ध या विषयावर त्यांचे पुस्तक निघाले. त्यात स्वतःच्या पराक्रमाची कथा जवळजवळ नाही. उपकरणे, पद्धती आणि त्यांतून काय साधले, एवढेच आहे.

१९१५ च्या एप्रिलमध्ये त्यांची गाडी खड्ड्यात उलटली होती. सामानाच्या पेट्या अंगावर कोसळल्या, पण त्यांना काळजी पडली ती काचपट्ट्या फुटल्या की काय याची. मुलींना त्यांनी अपघाताचे सांगितलेच नाही.

शेवटची सावली

या सगळ्याची किंमत होती. हातमोजे, शिशाचे पडदे अशी साधने तेव्हा होती, पण आघाडीवरच्या घाईत ती कितीशी वापरली जाणार? पडद्यावर थेट पाहण्याच्या पद्धतीत पाहणाऱ्याच्या अंगावर किरण येत राहत. १९२० नंतर मादामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागले. सावल्या पाहायला इतरांना शिकवणाऱ्या बाईंना स्वतःच्या टिपणांवरची अक्षरे दिसेनाशी झाली. १९२३ पासून सात वर्षांत चार वेळा डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. तरी प्रयोगशाळेत जाणे सुटले नाही.

१९३४ च्या वसंतात त्यांना बारीक ताप येऊ लागला, थकवा हटेना. पॅरिसच्या नामवंत डॉक्टरांनी छातीची क्ष-किरण चित्रे काढली. फुफ्फुसांत जुन्या डागांच्या खुणा होत्या. जुना क्षय पुन्हा उसळला असावा, असे सर्वांचे मत पडले. आईचा रोग शेवटी लेकीलाही गाठत आहे, असेच कोणालाही वाटले असते. थंड डोंगरी हवेसाठी त्यांना सॅन्सेलमोझच्या आरोग्यधामात हलवण्यात आले. तो प्रवास त्यांना सोसला नाही. तिथे पोचल्यावर नव्याने चित्रे काढली, जुन्या चित्रांशी ताडून पाहिली, आणि कळले की फुफ्फुसांत नवा रोग नाहीच. जिनिव्हाहून आलेल्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्यांवरून दुखणे ओळखले: रक्त तयार करणारी हाडांतली मज्जाच काम करेनाशी झाली होती. ४ जुलै १९३४ रोजी सकाळी मादाम क्यूरी गेल्या. वर्षानुवर्षे अंगात मुरलेल्या किरणांनी मज्जेला इजा केली असावी, असे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले. इरेनही पुढे १९५६ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली.

१९९५ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सने त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये सन्मानाने नेल्या. स्वतःच्या कर्तृत्वावर तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. शवपेटी उघडली, तेव्हा किरणोत्साराची मोजणी झाली आणि रेडियमचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले. त्यामुळे तज्ज्ञांनी असे मत मांडले, की त्यांचा घात रेडियमपेक्षा युद्धकाळातल्या क्ष-किरणांनी केला असणे अधिक संभवते.

आता सीटी स्कॅन आहे, एमआरआय आहे, आणि चित्रांतले डाग शोधून देणारे संगणकही आले आहेत. यंत्रे सुधारली, सावल्या स्पष्ट झाल्या. पण फुफ्फुसावरचा डाग काल भरून आलेल्या जखमेचा आहे की आज पेटलेल्या रोगाचा, हा प्रश्न १९३४ मध्ये पॅरिसच्या निष्णात डॉक्टरांना चकवून गेला, आणि आजही तो प्रत्येक नव्या डॉक्टरला चकवतो. त्यावर मादामच्या वर्गात शिकवले जाणारे उपाय अजून तेच आहेत: जुने चित्र काढून शेजारी ठेवा, दुसऱ्या बाजूने पाहा, इतर तपासण्यांशी जुळते का ते बघा. म्हणून कपाटावरचे ते जुने पाकीट टाकून देऊ नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तेही बरोबर न्या.